विहिरीत लागलेलं जंगल कुणाच्या कपाटात?

रत्नागिरीच्या आसपास विहीर खणायला घेतली की आधी जांभा लागतो. तो फोडून खाली गेलं की पांढरट-गुलाबी चिकणमाती. आणि काही ठिकाणी तिच्याही खाली काळा, चिकट, कुबट वासाचा चिखल. त्यात काळ्या लाकडाचे तुकडे असतात. चिखलाचा घट्ट गोळा पापुद्र्यासारखा उलगडला तर कधीकधी आत अख्खं पान दिसतं, मधली शीर, तिला फुटलेल्या बारीक शिरा, कडेचा वळसा, सगळं जागच्या जागी. खणणारे म्हणतात, ‘कोळसा लागला.’ मालकाचा जीव पाण्यासाठी वरखाली होत असतो, त्याला कोळशाचं काय कौतुक? माल वर येतो, कडेला ढीग पडतो, पहिल्या पावसात वाहून जातो.

हा कोळसा म्हणजे लिग्नाइट. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या या थरांची नोंद एकोणिसाव्या शतकापासून आहे आणि त्यांचं वय बहुतेक अभ्यासक मायोसीन काळाच्या आसपास धरतात. मायोसीन म्हणजे साधारण २ कोटी ३० लाख ते ५३ लाख वर्षांपूर्वीचा काळ. तेव्हाच्या दलदलीत पडलेली पानं, खोडं आणि परागकण त्या चिखलात आहेत. परागकण डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांचं बाहेरचं कवच विलक्षण चिवट असतं. चिखल आम्लात धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की कुठल्या कुळातली झाडं तिथे होती हे ओळखता येतं.

जांभ्यात मात्र शोधायला जाऊ नये. जांभा तयार होतो तो मूळ खडक पावसाच्या पाण्याने लाखो वर्षं निचरत राहिल्याने. सिलिका, चुना, सोडियम, पोटॅशियम सगळं वाहून जातं, मागे उरतं लोह आणि अॅल्युमिनियम. या धुलाईत हाड, शिंपला, पान काहीच टिकत नाही. चिरेखाणीतल्या चिऱ्यावर दिसणारं ‘पाऊल’ किंवा ‘फांदी’ ही बहुतेक वेळा लोहाची करामत असते. आणि सड्यावरची, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरची, कातळशिल्पं ही माणसाने कोरलेली आहेत. ती पुरातत्त्वाची बाब, जीवाश्मांशी त्यांचा संबंध नाही. हे सांगावं लागतं, कारण कातळशिल्पं गाजल्यापासून सड्यावर जे काही वेगळं दिसेल ते एकाच खात्यात जमा व्हायला लागलं आहे.

जगात काही ठिकाणी असं काही सापडलं की ते रीतसर संग्रहालयाकडे जातं. सॅन डिएगो शहरात जीवाश्म मिळण्याचा संभव असलेल्या जमिनीत मोठं खोदकाम करायचं तर जीवाश्मांचा जाणकार तिथे हजर ठेवावा लागतो, आणि जे मिळेल ते शहरातल्या निसर्गेतिहास संग्रहालयात जमा होतं. लॉस एंजेलिसमध्ये तिथल्या कलासंग्रहालयाने २००६ साली भूमिगत पार्किंगसाठी खोदायला घेतलं, तर डांबराने भरलेले जीवाश्मांचे साठे लागले. जागा रँचो ला ब्रेआच्या प्रसिद्ध डांबरकुंडांच्या शेजारचीच. काम थांबवून तिथे बसून हाडं वेचणं शक्य नव्हतं. मग त्यांनी साठ्यांभोवती लाकडी पेट्या बांधल्या आणि मातीसकट अख्खे ठोकळे उचलले. अशा २३ पेट्या झाल्या. पार्किंगचं काम पुढे गेलं आणि पेट्या शेजारच्या संग्रहालयात उघडल्या जाऊ लागल्या.

यातला शहाणपणा मातीसकट उचलण्यात आहे. मॅमथचं हाड कुणालाही दिसतं. पण त्याच्या वर काय होतं, खाली काय होतं, शेजारी कुठलं बी आणि कुठला भुंगा होता, यावरून त्या जागेची हवा आणि झाडोरा कळतो. नुसतं हाड उपटून आणलं तर हातात एक हाड येतं, बाकी सगळं जातं. सापडलेलं संग्रहालयाला दान देताना हे भान सुटलं तर दान अर्धवट होतं. माझा या लेखातला मुख्य आग्रह तोच आहे.

आपल्या किनाऱ्यावरचंच उदाहरण घेऊ. मुंबईच्या प्रिन्सेस डॉकचं बांधकाम १८७५ ते १८८० या काळात झालं. गोदीसाठी खणताना चिखलाखाली झाडं लागली, एकदोन नव्हे, ३८२. जॉर्ज ऑर्मिस्टन या अभियंत्याने ती मोजली आणि १८७८ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नियतकालिकात या बुडालेल्या जंगलाची हकिकत छापून आली. झाडं बहुतेक खैराची. काही खोडं समुद्रातल्या लाकूड पोखरणाऱ्या जीवांनी चाळणी करून टाकलेली. पण सगळ्यात मोलाची ओळ वेगळीच आहे: २२३ झाडं उभी होती आणि १५९ आडवी.

आता बघा. आडवं लाकूड पुरात वाहत कुठूनही येऊ शकतं. मुळांवर उभं असलेलं झाड वाहून येत नाही. खैर काही खारफुटी नव्हे, खाऱ्या पाण्यात तो उगवत नाही. म्हणजे ती जागा एके काळी कोरडी जमीन होती आणि नंतर भरतीच्या पातळीखाली गेली. जमीन खचली की समुद्र चढला, हा पुढचा वाद. पण तो वाद घालता येतो तो केवळ कुणीतरी चिखलात उभं राहून उभी किती, आडवी किती हे मोजलं म्हणून. त्यातली दहा उत्तम खोडं पॉलिश करून दिवाणखान्यात मांडली असती आणि मोजणी केली नसती, तर आज आपल्याकडे दहा शोभेची खोडं असती, इतकंच.

वरळीची गोष्ट याहून जुनी, आणि जरा टोचणारी. मुंबईच्या पश्चिमेच्या टेकड्यांमध्ये बेसाल्टच्या थराखाली गाळाचे थर आहेत. दख्खनचा लाव्हा एका दमात आला नाही. दोन उद्रेकांच्या मध्ये उसंत मिळायची, तेवढ्यात तळी साचायची, त्यांत झाडझाडोरा आणि जीवजंतू वस्तीला यायचे, मग पुढचा लाव्हा येऊन सगळ्यावर झाकण घालायचा. वरळीच्या टेकडीतल्या अशाच एका गाळात बेडूक सापडले. छोटे छोटे, काळपट दगडावर हाडांचे सांगाडे उमटलेले, आणि तेही पुष्कळ. वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास. नमुने लंडनला रिचर्ड ओवेन यांच्याकडे गेले. ‘डायनोसॉर’ हा शब्द ज्यांनी रूढ केला तेच हे ओवेन. त्यांनी १८४७ मध्ये या बेडकाला ‘राना पुसिला’ असं नाव दिलं, म्हणजे त्याला ‘राना’ या बेडकांच्या वंशात धरलं. १९३० मध्ये जी. के. नोबल या अमेरिकन शास्त्रज्ञाने मुंबईच्या या बेडकांचा पुन्हा अभ्यास केला, हा राना नव्हेच असं दाखवलं आणि त्याला ‘इंडोबॅट्रॅकस’ या नव्या वंशात घातलं. पहिल्या नावानंतर ८३ वर्षांनी हा निर्णय फिरवता आला, कारण बेडूक कुठेतरी नीट ठेवलेले होते.

त्याच वरळीत एक कासवही मिळालं. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतले डॉक्टर हेन्री जॉन कार्टर यांनी १८५२ मध्ये त्याचं वर्णन केलं. आज त्याच्या वंशाचं नाव ‘कार्टरेमिस’ आहे आणि प्रजातीच्या नावात मुंबईतल्याच डॉ. लीथ यांचा उल्लेख आहे. हे कासव मान सरळ आत न ओढता बाजूला वळवून कवचाखाली घेणाऱ्या गटातलं. या गटातली कासवं आज आफ्रिकेत, मादागास्करमध्ये आणि दक्षिण अमेरिकेत आहेत. भारतात एकही नाही. २००३ मध्ये मुंबईच्याच अशा थरांतून याच गटातलं आणखी एक कासव, ‘सांकुचेमिस’, जाहीर झालं. भारत कधीकाळी त्या दक्षिणेकडच्या खंडांना जोडलेला होता याचे हे कवचधारी साक्षीदार, आणि ते कुठल्या दूरच्या वाळवंटात नाही, मुंबईत निघाले.

टोचणी कसली, तर वरळीच्या त्या टेकडीवर आज इमारती आहेत. उघडा थर पाहायचा म्हटलं तर सहजी मिळत नाही. बेडूक लंडनला गेले याचा राग येणं साहजिक आहे, मलाही थोडा येतो. पण ते गेले नसते तर खडी होऊन रस्त्याखाली गेले असते, हेही तितकंच खरं. इंग्रजांनी नेलं म्हणून हळहळायचं आणि आज आपल्या डोळ्यांदेखत डंपर भरून जातोय त्याकडे पाहायचंही नाही, हा दुटप्पीपणा आहे.

मग गावातच ठेवू, असं कुणी म्हणेल. नगरपरिषदेच्या इमारतीत प्रवेशद्वाराशी काचेची पेटी, आत काळं लाकूड, खाली पाटी. कल्पना चांगली आहे, फक्त कोकणच्या हवेला ती मान्य नाही. लिग्नाइटच्या चिखलात पायराइट असतं, म्हणजे लोह आणि गंधक यांचं संयुग. जमिनीखाली, हवेचा संपर्क नसताना ते स्वस्थ असतं. वर काढलं की ऑक्सिजन आणि दमट हवा मिळते आणि ते फुलायला लागतं. त्यातून लोहाचे सल्फेट क्षार आणि चक्क गंधकाम्ल तयार होतं. आधी भेगांतून पिवळट-पांढरी भुकटी दिसते, मग नमुना आतून तडकतो, शेवटी शेजारचं कागदी लेबलही खाल्लं जातं. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की हा रोग जोर धरतो. कोकणात जुलैमध्ये ती किती असते हे ज्याने पापड सादळताना पाहिलेत त्याला सांगायला नको.

ओल्या लाकडाची तऱ्हा आणखी वेगळी. शतकानुशतकं पाण्यात मुरलेल्या लाकडाच्या पेशींना आतल्या पाण्यानेच आधार दिलेला असतो. ते उन्हात वाळवलं की पेशी कोसळतात, ओंडका आक्रसतो, उभा चिरतो. म्हणून प्रयोगशाळेत पाण्याची जागा हळूहळू पॉलिइथिलीन ग्लायकॉलसारख्या मेणचट द्रव्याला घेऊ देतात. याला महिने, मोठ्या ओंडक्यांना वर्षं लागतात. शिंपलेही सुरक्षित नाहीत. किनाऱ्यावर वाळू आणि शिंपले चुन्याने सांधून झालेला जो खडक असतो, ज्याला कोकणात करल म्हणतात, त्यात तिसऱ्या, कालवं, खुबे यांची कवचं भिंगाखाली स्पष्ट दिसतात. वयाने तो तरुण, काही हजार वर्षांचा, पण जुन्या समुद्रपातळीचा पुरावा म्हणून फार कामाचा. ही कवचं लाकडी कपाटात बंद ठेवली तर लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने त्यांच्यावर पांढरी बुरशीसारखी पूड धरते आणि कवच झिजत जातं. बुरशी नसते ती, रसायन असतं. हौशी संग्राहकांची कपाटं याने नासली आहेत.

संग्रहालयात जीवाश्म गेला म्हणजे तो प्रदर्शनात मांडला जाईल अशी समजूत असते. बहुतेक कधीच मांडले जात नाहीत. ते खणात जातात. देणाऱ्याला वाटतं, आपलं दान अडगळीत टाकलं. खरं तर तो खण हीच त्याची योग्य जागा. तिथे नमुन्याला क्रमांक मिळतो, तो क्रमांक नमुन्यावर लाखेच्या पातळ थरावर शाईने लिहिला जातो, नोंदवहीत ठिकाण, खोली, थर, तारीख, शोधणाऱ्याचं नाव चढतं. नव्या प्रजातीला नाव देताना ज्या एका नमुन्यावरून नाव दिलं तो कुठे आहे, हे छापावं लागतं, म्हणजे शंका आलेला माणूस जाऊन तो पाहू शकेल. कुणाच्या घरातल्या शोकेसमधला जीवाश्म कितीही सुंदर असला तरी त्याच्यावर विज्ञानाची इमारत उभी राहत नाही, कारण उद्या तो विकला जाईल, फुटेल किंवा नातवंडं टाकून देतील.

तरीही द्यायचं म्हणजे हात झटकून मोकळं व्हायचं, असं नको. कोकणातली एखादी नगरपरिषद किंवा ग्रामपंचायत सापडलेले जीवाश्म संग्रहालयाला द्यायचा ठराव करणार असेल तर त्यात दोनतीन गोष्टी ठणकावून मागाव्यात असं मला वाटतं. नमुन्याचा नोंदणी क्रमांक लेखी मिळावा. त्याची साच्यातून काढलेली हुबेहूब प्रतिकृती गावाला मिळावी. काचेच्या पेटीत तीच ठेवायची, तिला पायराइटची भीती नाही आणि शाळेतल्या पोरांनी हात लावला तरी चालतं. शिवाय, त्यावर शोधनिबंध छापला गेला तर गावाचं नाव त्यात असावं आणि त्याची मराठीत एक पानाची गोष्ट करून गावाला द्यावी. ही शेवटची मागणी शास्त्रज्ञांना जड वाटेल. वाटू दे.

द्यायचं कुणाला? वनस्पतींच्या अवशेषांसाठी लखनौची बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था, हाडं-कवचांसाठी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, आणि सुरुवातीचा सल्ला म्हणून जवळच्या महाविद्यालयातला भूशास्त्र विभाग. कायद्याच्या बाजूने २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारच्या खाण मंत्रालयाने भूवारसा स्थळं आणि भू-अवशेष यांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता. त्यावर टीकाही झाली, कारण सगळे अधिकार एकाच खात्याकडे एकवटतील अशी अनेक संशोधकांना भीती वाटली. माझ्या मते ती भीती रास्त आहे. पण मसुदा दिल्लीत फिरत असताना चौपदरीकरणाचे जेसीबी डोंगर कापतच असतात, ते कुठल्या कलमाची वाट पाहत नाहीत.

तेव्हा येत्या मे महिन्यात कुणाच्या विहिरीत काळं लाकूड किंवा पानांचा चिखल लागलाच, तर तो उन्हात वाळत घालू नका आणि धुऊन चकचकीतही करू नका. ओल्या फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा, आजूबाजूचा मूठभर चिखलही सोबत ठेवा. विहीर अजून उघडी आहे तोवर भिंतीचा फोटो काढा, जांभ्यापासून तळापर्यंत, शेजारी मोजपट्टी किंवा निदान पहार उभी करून. किती फुटांवर लागलं ते खणणाऱ्यालाच विचारा. त्याला ते अचूक माहीत असतं, कारण त्याची मजुरीच फुटावर ठरलेली असते. एकदा विहीर बांधून काढली की दगडी कठड्यामागचा तो थर पुन्हा कुणालाच दिसत नाही.