वरून तांबं, आतून पोलाद: थायलंडचं २५ सतांगचं नाणं

थायलंडची २५ सतांगची (थायलंडचं चलन बात, त्याचा शंभरावा भाग सतांग) दोन नाणी शेजारी ठेवा, एक जुनं पिवळं आणि एक नवं तांबूस. दोन्ही १६ मिलिमीटर व्यासाची, वजन १.९ ग्रॅम. आता लोहचुंबक जवळ न्या. तांबूस नाणं पटकन चिकटतं, पिवळं जागचं हलत नाही.

पिवळं नाणं ॲल्युमिनियम-ब्राँझचं, म्हणजे मुख्यतः तांब्याचं. २००३ नंतरच्या काही वर्षांत जागतिक बाजारात तांब्याचा भाव चौपटीच्या आसपास गेला. पाव बाताच्या नाण्यात इतकं तांबं घालणं परवडेना. म्हणून २००८ मध्ये पोलादाच्या चकतीवर तांब्याचा पातळ थर चढवायला सुरुवात झाली. पोलाद आणि ॲल्युमिनियम-ब्राँझ यांची घनता जवळजवळ सारखीच, त्यामुळे आकार आणि वजन बदलावं लागलं नाही. मला यातली ही जुळणी सर्वांत सुंदर वाटते.

पण रसायनशास्त्राचा हिशेब वेगळा आहे. ॲल्युमिनियम-ब्राँझवर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा अतिशय पातळ, चिवट पापुद्रा आपोआप तयार होतो आणि चमक टिकते. उघडं तांबं मात्र हवेत काळपट तपकिरी होत जातं. खरी अडचण नाण्याच्या कडेला असते. तिथला थर घासून निघाला आणि ओलावा लागला, की उघडं पडलेलं लोखंड भराभर गंजतं. कारण तांब्यापेक्षा लोखंड इलेक्ट्रॉन सहज सोडतं. दोघं मिळून छोटी विद्युतघटच तयार होते आणि त्यात बळी लोखंडाचा जातो. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यात नेमकं उलटं घडतं: तिथे जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं.

या नाण्याला थाई लोक ‘सलुंग’ म्हणतात. बात हे मुळात सुमारे १५ ग्रॅम चांदीचं वजन, सलुंग त्याचा चौथा हिस्सा. शंभर सतांगांचा बात ही दशमान पद्धत राजा चुलालोंगकोर्न यांच्या काळात आली, तरी बँकॉकचे सराफ आजही सोनं बात आणि सलुंगमध्येच तोलतात. चांदीच्या वजनाची ओळख पोलादी चकतीने अशी जपली आहे.

आपल्याकडची चवन्नी ३० जून २०११ ला चलनातून गेली. थायलंडमध्ये सलुंग अजून वैध आहे आणि सुपरमार्केटच्या बिलात सुट्टे म्हणून हातात पडतो.