सर्व्हिस कॅटलॉग मुळात पोर्टल नव्हताच

ऑफिसात आयटी सर्व्हिस कॅटलॉग, म्हणजे आयटी कोणकोणत्या सेवा देतं त्याची यादी, करायचा ठरलं की पहिलीच मीटिंग टूलवर होते, पोर्टल कसं दिसणार, फॉर्म किती, अप्रूव्हल कोणाकडे जाणार. पण ही कल्पना आली तेव्हा पोर्टल हा प्रकारच नव्हता, आणि तेवढं जरी कळलं तरी काम कुठून सुरू करायचं ते बदलतं.

१९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये सरकारी खात्यांत कॉम्प्युटर वाढत होते आणि जो तो आपापल्या पद्धतीने ते चालवायचा, मग सीसीटीए नावाच्या सरकारी संस्थेने चांगल्या पद्धती लिहून काढायला घेतल्या आणि १९८९ पासून पुस्तकं यायला लागली. हेच आयटिल. पुढे ही मालिका ३० च्या वर पुस्तकांवर गेली. त्यातला एक विषय सर्व्हिस लेव्हल मॅनेजमेंट, म्हणजे सिस्टिम किती वाजेपर्यंत चालू राहील, बंद पडली तर किती वेळात उठवू, हे आयटीने वापरणाऱ्यांशी बोलून लेखी ठरवायचं. आता शब्द द्यायचा तर आपण नक्की देतो काय याची यादी आधी हवीच ना! कॅटलॉगचं मूळ हे. आयटिलच्या दुसऱ्या आवृत्तीतही तो सर्व्हिस लेव्हल मॅनेजमेंटच्या पोटातच होता.

२००७ ला तिसरी आवृत्ती आली आणि कॅटलॉगला स्वतंत्र प्रोसेसचा दर्जा मिळाला. माझ्या मते त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे दोन बाजू वेगळ्या केल्या, एक वापरणाऱ्याची आणि एक टेक्निकल. अकाउंट्सवाल्यांना दिसते फक्त पगाराची सिस्टिम, तिच्यामागचे सर्व्हर, डेटाबेस, बॅकअप, नेटवर्क हे आयटीच्या यादीत, आणि दोन्ही याद्या एकमेकींना जोडलेल्या असल्या की रात्री एखादा सर्व्हर गेला तर सकाळी कोणाचं काम अडणार ते लगेच कळतं. हे जोडणं किचकट आहे, म्हणूनच बहुतेक ठिकाणी ते राहून जातं.

त्याच सुमाराला आयटीची कामं हाताळणारी वेबवरची टूल्स आली, फ्रेड लडी यांनी २००४ मध्ये सुरू केलेली सर्व्हिसनाऊ त्यातली मोठी. ऑनलाइन खरेदीची सवय लोकांना लागलेलीच होती, त्यामुळे कॅटलॉग म्हणजे निवडा आणि कार्टमध्ये टाका असं समीकरण होऊन बसलं. सोय झाली हे खरंच, पण सर्व्हिस आणि रिक्वेस्ट यांची सरमिसळ झाली ती इथूनच. नवीन लॅपटॉप मागणं ही रिक्वेस्ट, माणसाला रोज चालतं मशीन मिळत राहणं आणि बिघडलं तर ठरल्या वेळात बदलून मिळणं ही सर्व्हिस. शंभर फॉर्म असलेलं पोर्टल असूनही ईमेल सर्व्हिसचा मालक कोण हे कुणाला सांगता येत नाही, अशी ऑफिसं मी पाहिली आहेत.

२००५ मध्ये आयएसओ २०००० हे आयटी सर्व्हिस मॅनेजमेंटचं आंतरराष्ट्रीय मानक आलं, आणि त्याच्या २०१८ च्या आवृत्तीत कॅटलॉगला स्वतंत्र कलम मिळालं. २०१९ चं आयटिल ४ तर सांगतं की कॅटलॉग एकच ठेवा पण वापरणारे, पैसे देणारे आणि आयटीवाले यांना त्यातलं ज्याच्या त्याच्या कामाचं दिसू द्या.