उजेड विझला म्हणजे व्हिटॅमिन चिकटलंच असं नाही

बीएसए, म्हणजे गाईच्या रक्तातलं एक प्रोटीन, त्याच्या सोल्युशनमध्ये थोडं थोडं रायबोफ्लेविन, म्हणजे आपलं बी२, टाकत गेलं की ३४५ नॅनोमीटरच्या आसपासचा, प्रोटीनमधल्या ट्रिप्टोफॅन या अमिनो ॲसिडच्या उजेडाचा पीक दर वेळी खाली बसतो, मग स्टर्न-व्होल्मर प्लॉट (किती बी२ टाकल्यावर उजेड किती पट घटला याचा आलेख) काढायचा, रेष मस्त सरळ येते आणि लगेच रिपोर्टमध्ये 'बायंडिंग झालं' लिहून मोकळे. अहो, सरळ रेष डायनॅमिक क्वेंचिंगलाही (क्वेंचिंग म्हणजे उजेड विझणं) येते आणि स्टॅटिकलाही!

डायनॅमिक म्हणजे नुसती धडक. एक्साइट झालेला ट्रिप्टोफॅन जेमतेम ५-६ नॅनोसेकंद तसा राहतो, तेवढ्यात कोणी येऊन आपटलं की उजेड न देताच थंड, आणि दोघं आपापल्या वाटेला. ॲक्रिलामाइड, ऑक्सिजन ही मंडळी असलीच. स्टॅटिकमध्ये लाइट पडायच्या आधीच व्हिटॅमिन प्रोटीनला धरून बसलेलं असतं, तेवढी प्रोटीन्स गप्प, बाकीची नेहमीसारखी चमकतात. म्हणून लाइफटाइम, म्हणजे ट्रिप्टोफॅन एक्साइट राहण्याचा तो वेळ, डायनॅमिकमध्ये घटतो, स्टॅटिकमध्ये जागचा हलत नाही.

आता लाइफटाइमचं मशीन सगळ्यांकडे कुठलं असायला, मग २९८ आणि ३१० केल्विनला रीडिंग घ्यायचं. गरम केलं की धडका वाढतात, स्लोप चढतो. चिकटलेलं असेल तर बहुतेक वेळा सुटायला लागतं, स्लोप उतरतो. अजून एक सोपा हिशोब: समजा स्लोप ५०,००० आला, त्याला ५ नॅनोसेकंदाने भागलं की धडकांचा वेग येतो १० चा १३ वा घात, आणि पाण्यात नुसत्या धडकांनी फार तर २ गुणिले १० चा १० वा घात एवढाच वेग गाठता येतो, म्हणजे ५०० पट जास्त, एवढ्या धडका होणारच नाहीत.

पण त्याआधी इनर फिल्टरचं करेक्शन केलंय ना? रायबोफ्लेविन स्वतःच ३७० च्या आसपास भरपूर लाइट पितं, ट्रिप्टोफॅनचा उजेड डिटेक्टरपर्यंत पोचायच्या आधीच खातं, आणि हे क्वेंचिंग नव्हेच. माझ्या मते निम्मा घोळ इथेच होतो.

स्टॅटिक डोळ्यांनी बघायचं तर अंड्याच्या पांढऱ्यातलं रायबोफ्लेविन-बायंडिंग प्रोटीन घ्या. यूव्ही लाइटखाली हिरवट-पिवळं चमकणारं बी२ त्यात पुरेसं प्रोटीन पडलं की विझतं, कारण त्याची रिंग एका ट्रिप्टोफॅन आणि एका टायरोसिनच्या मधे सँडविचसारखी अडकून बसते.