सीमाभाग आणि साथरोगशास्त्राचा ऑनलाइन अभ्यास : पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीत राहून साथरोगशास्त्राची मूलतत्त्वे ऑनलाइन शिकायला बसणाऱ्याला सुरुवातीलाच सांगितले जाते की नुसत्या रुग्णसंख्येवरून काही ठरत नाही. किती लोकांमागे, कोठे आणि किती काळात, हे कळले तरच दर निघतो. अंश म्हणजे रुग्ण मोजणे त्या मानाने सोपे असते, घोडे अडते ते छेदापाशी, म्हणजे ते कितीजणांमधले हे ठरवताना. सीमाभागात तर छेदाचा हा प्रश्न फार जुना आहे.

या विचाराचे मूळ लंडनमध्ये आहे. १८५४ च्या पटकीच्या (कॉलऱ्याच्या) साथीत डॉक्टर जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा दांडा काढायला लावला, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. पण त्यांचे अधिक भक्कम काम दक्षिण लंडनमधले होते. एकाच वस्तीत दोन कंपन्यांचे पाणी येत होते आणि त्यांपैकी लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये आपला उपसा नदीच्या वरच्या, स्वच्छ भागात हलवला होता. स्नो यांनी मृत्यू तर मोजलेच, शिवाय प्रत्येक कंपनी किती घरांना पाणी पुरवते हेही मिळवले, आणि दर दहा हजार घरांमागे दुसऱ्या कंपनीकडे ३१५ तर लॅम्बेथकडे ३७ मृत्यू असे प्रमाण मांडले. घरांचा आकडा नसता तर नुसत्या मृत्यूंच्या यादीवरून पाण्याचा दोष सिद्ध करणे कठीण गेले असते.

आपल्याकडे १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या काही वर्षांत तो बेळगाव-धारवाड भागात पसरला. हे सर्व जिल्हे तेव्हा मुंबई इलाख्यात असल्यामुळे नोंदी एकाच सरकारच्या दप्तरात जात. १८९८ मध्ये हुबळीत हाफकिन यांची प्लेगवरची लस मोठ्या प्रमाणावर टोचली गेली आणि टोचून घेतलेल्यांतील व न घेतलेल्यांतील मृत्यूंची तुलना झाली. मात्र ही तुलना दिसते तितकी सरळ नव्हती. लस टोचून घेणारे रोज वाढत होते, म्हणजे न घेतलेल्यांची संख्या रोज घटत होती. त्यातच साथ आली की घरे सोडून माळावर झोपड्या घालून राहण्याची रीत असल्याने गावात नेमकी किती माणसे उरली, हेच सांगता येत नसे. ऑनलाइन अभ्यासक्रमात ‘व्यक्ती-काळ’ (प्रत्येक माणूस जितका काळ त्या गटात होता, त्या काळांची बेरीज) ही संकल्पना आली की पुष्कळ विद्यार्थी गोंधळतात. माझ्या मते ती हुबळीच्या उदाहरणावरून शिकवली तर या भागातल्या मुलांना लवकर उमजेल.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, पण त्यातला चंदगड तालुका वगळून तो कोल्हापूरला जोडला गेला. चंदगडचे लोक औषधपाण्यासाठी आजही बेळगाव गाठतात, कारण कोल्हापूरपेक्षा ते जवळ पडते. अशा रुग्णाची नोंद फक्त रुग्णालयाच्या पत्त्यावर झाली तर अंश कर्नाटकात आणि छेद महाराष्ट्रात, असा हिशेब होतो आणि बेळगावचा दर विनाकारण फुगतो. म्हणूनच केस पेपरवर रुग्णाचे गाव आणि तालुका लिहिण्याला एवढे महत्त्व आहे.

घरबसल्या हे शास्त्र शिकण्याची सोय आंतरजालाच्या आधीपासून होती. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचा स्वयंअध्ययनाचा पाठ्यक्रम आधी टपालाने चाले. पुढे त्याचे सहा धडे आंतरजालावर विनामूल्य आले. भारतात जुलै २०१७ मध्ये ‘स्वयम्’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे सरकारी व्यासपीठ सुरू झाले, तर चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेने एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमावर आरोग्य संशोधनाचे प्राथमिक अभ्यासक्रम आणले.

या अभ्यासात हमखास भेटणारे गणित न्यूयॉर्क राज्यातल्या ऑस्वेगो परगण्यातील एका चर्चच्या १९४० सालच्या जेवणाचे आहे. चौकशी केलेल्या ७५ जणांपैकी ४६ आजारी पडले होते. व्हॅनिला आइस्क्रीम खाल्लेल्या ५४ पैकी ४३, तर न खाल्लेल्या २१ पैकी फक्त ३. म्हणजे सुमारे ८० टक्के आणि १४ टक्के. आपल्याकडच्या महाप्रसादातल्या विषबाधेची चौकशीही याच पद्धतीने करता येते, फक्त जे आजारी पडले नाहीत त्यांनाही काय खाल्ले ते विचारावे लागते, आणि नेमके तेच राहून जाते.

कोविडच्या काळात निपाणीजवळच्या सीमेवरील कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्यांचे आरटीपीसीआर अहवाल तपासले जात. रोगाला हद्द नसली तरी नोंदीला असते, हे तेव्हा सर्वांनी पाहिले. क्यासनूर अरण्यातल्या तापाचेही तसेच आहे. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यात प्रथम आढळलेला, गोचिडांतून पसरणारा हा आजार पुढे गोव्यातल्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात पोहोचला. खानापूरचे जंगल त्याच पट्ट्यातले आहे. मेलेल्या माकडांची आणि तापाच्या रुग्णांची माहिती मात्र तीन राज्यांच्या तीन यंत्रणांकडे जाते, त्यामुळे या पट्ट्याचा दर काढायचा तर तालुकावार आकडे तिन्हीकडून मागवून एकत्र मांडावे लागतात.