तांगो नो सेक्कु

तांगो नो सेक्कु : पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी येणारा जपानमधील ऋतुसण. सध्या तो ५ मे रोजी पाळतात. त्याच दिवशी ‘कोदोमो नो हि’ म्हणजे बालदिनाची राष्ट्रीय सुट्टी असते. काठीवर फडकणारे कापडी कार्प मासे (कोईनोबोरी), घरात मांडलेले शिरस्त्राण व चिलखत आणि ओकच्या पानात गुंडाळलेली काशिवामोची (तांदळाच्या पिठाची मिठाई) ही त्याची आजची ओळख आहे. मात्र ही अंगे बव्हंशी एदो काळातील (१६०३–१८६८) आहेत. सणाचा जुना गाभा एका वनस्पतीत आहे आणि ती मराठी घरांनाही परकी नाही.

‘तांगो’ म्हणजे महिन्यातील पहिला अश्वदिवस (बारा प्राण्यांच्या नावांनी दिवस मोजण्याच्या चिनी चक्रातील घोड्याचा दिवस). ‘अश्व’ आणि ‘पाच’ या दोन्ही चिनी अक्षरांचा जपानी उच्चार ‘गो’ असा होतो. या उच्चारसाम्यामुळे सण पाचव्या तिथीवर स्थिरावला असावा.

सण चीनमधून आला, पण तेथील उगमाविषयी मतभेद आहेत. प्राचीन चीनमधील चू राज्याचा मंत्री-कवी छ्यू युआन याने मीलुओ नदीत देह टाकला (परंपरेनुसार इ. स. पू. २७८) व त्याच्या स्मरणार्थ लोक नदीत भात टाकू लागले, ही कथा सर्वाधिक प्रसिद्ध आहे, पण तिचे लिखित दाखले बरेच उशिराचे, सहाव्या शतकाच्या आसपासचे आहेत. चिनी कवी-अभ्यासक वन यीत्वो याने या सणाचे मूळ दक्षिणेकडील जमातींच्या नाग-ड्रॅगन पूजेत शोधले. याच सहाव्या शतकाच्या सुमारास मध्य यांगत्से खोऱ्यातील चालीरीतींची एक नोंद झाली. तीत दारावर दवण्याच्या जातीच्या सुगंधी वनस्पतीची बाहुली टांगणे आणि मद्यात वेखंड घालणे हे रोगनिवारक विधी आढळतात. पाचवा महिना अशुभ व रोगट मानला जाई, हे लक्षात घेता सणाचे मूळ रोगनिवारणात असावे आणि कविकथा नंतर जोडली गेली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

या सणातील ‘शोबु’ म्हणजे ॲकोरस कॅलॅमस, अर्थात बाळगुटीत उगाळले जाणारे आपले वेखंड. आपल्याकडे त्याचे मूळखोड वापरतात, तर जपानमध्ये मुख्यतः तलवारीसारखी लांब, सुगंधी पाने वापरतात. पानांची जुडी स्नानाच्या गरम पाण्यात सोडतात (शोबुयु), पूर्वी ती छपराच्या वळचणीला खोवत. येथे एक घोटाळा नेहमी होतो. निळ्याजांभळ्या फुलांचे ‘हानाशोबु’ हे आयरिस वंशातील वेगळे झाड आहे. त्याची पाने दिसायला तशीच, पण त्यांना तो वास नाही. वेखंडाचा फुलोरा कणसासारखा व अनाकर्षक असतो. जुन्या जपानीत ‘आयामे’ हा शब्द वेखंडासाठी होता, पुढे तो आयरिसकडे गेला. दोन्ही झाडांसाठी तीच अक्षरे लिहिली जात असल्यामुळे जुन्या काव्यातील ‘आयामे’चे भाषांतर ‘आयरिस’ असे केल्यास बहुधा चूक होते.

जपानमधील सर्वांत जुना उल्लेख सम्राज्ञी सुइकोच्या काळातला. ६११ मध्ये पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी उदाच्या रानात औषधींची ‘शिकार’ झाली. ७४७ मध्ये निवृत्त सम्राज्ञी गेन्शोने आज्ञा काढली, की या दिवशी वेखंडाची माळ डोक्यावर न घालणाऱ्यास राजवाड्यात प्रवेश नाही. इ. स. १००० च्या सुमारास दरबारातील लेखिका सेई शोनागोन हिने सणांत या सणाला पहिला मान दिला, तो पानांच्या दरवळासाठी.

ग्रामीण परंपरेविषयी साधने तोकडी आहेत. चिकामात्सु मोंझाएमोन याच्या १७२१ मधील नाटकात या सणाच्या रात्रीला ‘स्त्रियांचे घर’ म्हटले आहे. त्यावरून भातलावणीपूर्वी स्त्रिया घरात शुचिर्भूत राहत, असे काही लोकसंस्कृती-अभ्यासक मानतात. मत आकर्षक आहे, पण पुरावा विखुरलेला आहे.

‘शोबु’ या उच्चाराचे ‘शौर्याचा आदर’ या अर्थाच्या शब्दाशी साम्य असल्याने सामुराईंनी सण आपलासा केला आणि तो मुलग्यांचा झाला. एदो काळातील तोकुगावा शोगुनांच्या राजवटीत पाच अधिकृत ऋतुसणांत त्याची गणना होई. कार्प-पताका एदोच्या (आजच्या तोक्योच्या) नागरी वस्तीतून पुढे आल्या. चित्रकार हिरोशिगेच्या १८५७ मधील चित्रात समोर मोठा काळा कार्प दिसतो. लाल मासा व कुटुंबभर मासे ही नंतरची भर होय. आता ओकची मोची पूर्वेकडे आणि बांबूपानात गुंडाळलेली चिमाकी ही तांदळाची मिठाई पश्चिमेकडे अधिक प्रचलित आहे.

१८७३ मध्ये ग्रेगोरियन कालगणना आली व त्याच वर्षी पाचही ऋतुसणांची सरकारी मान्यता गेली. जुनी तिथी स्थूलमानाने आपल्या ज्येष्ठ शुद्ध पंचमीच्या जवळची, म्हणजे बहुधा जूनमधील, ऐन पावसाळी. दमट हवेत रोगनिवारक पानांना अर्थ होता. ५ मेच्या कोरड्या, वसंत सरत्या दिवसांत तो सहज जाणवत नाही. १९४८ च्या सुट्टीविषयक कायद्याने हा दिवस मुलांच्या व्यक्तित्वाचा आदर, त्यांचे सुख आणि आईविषयी कृतज्ञता यांसाठी ठेवला.

२९ एप्रिल ते ५ मे दरम्यानच्या सुट्ट्यांच्या साखळीला ‘गोल्डन वीक’ म्हणतात. हे नाव चित्रपट-व्यवसायातून आले, असे सांगतात. २०१९ मध्ये नव्या सम्राटाच्या राज्यारोहणामुळे ही सुट्टी सलग दहा दिवसांची झाली. या काळात रेल्वे व महामार्गांवर मोठी गर्दी असते. सैतामा प्रांतातील काझो येथे १०० मीटर लांबीचा कार्प उडवतात, तर कोची प्रांतात शिमांतो नदीवर दोरखंडांना मासे बांधण्याची प्रथा १९७४ पासून आहे. जुने अंग पाहायचे तर क्योतोच्या कामिगामो देवस्थानात जावे. दरबारातील स्त्रियांच्या दोन गटांत १०९३ मध्ये वेखंडाची मुळे ताडून पाहण्याची चढाओढ लागली, विजयासाठी नवस बोलला गेला आणि तो फेडण्यासाठी घोडशर्यत देवस्थानाला वाहिली, अशी तिथली परंपरा सांगते. ५ मे रोजी शर्यतीआधी मुळे ताडून पाहण्याचा विधी आजही होतो.