घरबसल्या समाजकार्याची पदवी? फील्डवर्क चुकत नाही

‘ऑनलाइन एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) केलं की फील्डवर्क नसतं, घरबसल्या पदवी मिळते’ हा मेसेज कोल्हापुरातल्या ग्रुपांवर वर्षानुवर्षं फिरतोय. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला तो खरा वाटणं साहजिक आहे, कारण व्याख्यानं खरोखरच मोबाइलवर होतात.

पण व्याख्यानं हा अभ्यासक्रमाचा एक भाग झाला. फील्डवर्कला वेगळे क्रेडिट (कामाच्या तासांवर मोजले जाणारे श्रेयांक) असतात, त्यात वेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं आणि हे काम जवळच्या संस्थेत, मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली करायचं असतं. समजा, पुराचा फटका बसणारं कोल्हापूरजवळचं प्रयाग चिखली हे गाव फील्डवर्कसाठी तुमच्याकडे आलं. ओल चढलेल्या भिंतीशेजारी बसून तिथल्या एखाद्या आजींचं सगळं ऐकायचं, रात्री त्याचा अहवाल लिहायचा: काय विचारलं, त्या कुठे गप्प झाल्या, आपण कुठे घाई केली. नोकरीच्या मुलाखतीत नेमकं हेच विचारतात.

पडताळणी सोपी आहे. माहितीपुस्तिकेत फील्डवर्कचे क्रेडिट पाहा; एक क्रेडिट म्हणजे साधारण 30 तासांचं काम. मग अभ्यासकेंद्राला विचारा, मार्गदर्शक कोण, अहवाल कोण तपासतं? पुस्तिकेत फील्डवर्कच नसेल, तर फी भरू नका.