कोवळ्या उन्हात ‘ड’ किती?

नागपुरात ऊन कमी पडतं असं कुणी म्हटलं, तर नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले ते नऊ भाजून काढणारे दिवस, सोसलेला माणूस त्याला वेड्यात काढेल. त्यामुळे तान्ह्या बाळाला डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाचे थेंब लिहून दिले की आजी बिथरते. “रोज सकाळी तेल लावून कोवळ्या उन्हात निजवतो ना मी त्याले!”

आजीचं प्रेम खरं, पण ते ऊन कामाचं नाही. त्वचेत ड तयार व्हायला अतिनील-ब किरण लागतात. सकाळी सातला सूर्य तिरपा असतो. किरणांना हवेतून लांबचा रस्ता कापावा लागतो आणि वाटेतला ओझोन नेमके हेच किरण गिळतो. ऊब पोचते, उजेड पोचतो, ‘ब’ मागेच राहतो. अंगणात आजीची सावली तिच्याहून लांब पडली असेल, तर बाळाच्या अंगात ड फारसं तयार होत नाहीये. खिडकीच्या काचेआड तर नाहीच नाही. आणि सावली आखूड होते तेव्हा मे महिन्यात पारा ४५ कडे निघालेला असतो. तेव्हा बाळ कूलरपाशीच बरं.

एरवी सगळ्याला पुरून उरणारं आईचं दूध इथे कमी पडतं. लिटरभर दुधात ड १०० युनिटांहूनही कमी, आणि बाळाला रोज हवं ४००. मुडदूस, म्हणजे हाडं मऊ पडून वाकण्याचा आजार, टाळण्यासाठी म्हणून वर्षभर हे थेंब.

घोळ होतो तो ड्रॉपरवर. एका मिलिलीटरमध्ये ४०० युनिटवाली बाटली मिळते, तशी ८०० वालीही. पहिली संपली, दुकानातून दुसरी आली आणि ड्रॉपर जुन्याच खुणेपर्यंत भरला, की मात्रा दुप्पट. ड चरबीत साठतं, लघवीवाटे सहज निघून जात नाही. फार साचलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं. बाटली बदलली की लेबल वाचायचंच.

लोहाची गोष्ट वेगळी. आईच्या पोटात असताना बाळ लोहाची शिदोरी बांधून घेतं, ती साधारण सहा महिने पुरते. वेळेआधी जन्मलेल्याची आधीच संपते, म्हणून त्याला डॉक्टर लोहाचं औषध लवकर सुरू करतात. इतरांना ‘अॅनिमिया मुक्त भारत’ या सरकारी कार्यक्रमात सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा १ मिली सिरप असतं, त्यात २० मिलिग्रॅम लोह. आशाताई बाटली देतात तेव्हा शीचा रंग बदलेल का, एवढं मात्र विचारून ठेवावं, नाहीतर दोन दिवसांनी रात्री फोन जातोच: “ताई, पोराची शी काळी झाली!” ते न शोषलेलं लोह असतं. घाबरायचं नाही.